चिनी काचमणी आणि ‘मुरानो’ नावाचा घोळ

आत चांदीचा वर्ख, वर गुलाबाच्या कळ्या आणि सोनेरी वेलबुट्टी. व्हेनिसचा हा नमुना चिनी कारागिरांनी गेल्या शतकाच्या अखेरीस उचलला आणि बघता बघता स्वस्त दागिन्यांचा बाजार व्यापला. शांडोंगमधल्या बोशानला मिंग काळापासून काच वितळते आहे, त्यामुळे हात तयारच होता. नवी होती ती फक्त नक्षी.

दोन्हीकडची रीत मुळात एकच. पोलादी सळईला मातीचा लेप द्यायचा, ज्योतीवर काच गुंडाळून गाभा करायचा, त्यावर वर्ख, वर पारदर्शक काचेचा थर. हा थर वेजाच्या कडेपर्यंत पोचला नाही की वर्ख उघडा राहतो आणि काही महिन्यांत तिथे काळा पडतो. मणी सळईवरून उतरल्यावर लेपाची पांढरट भुकटी वेजात अडकते. घाईच्या मालात ती तशीच राहते आणि ओवताना दोऱ्याला लागते. जुन्या व्हेनिशियन मण्यांचे वेज मात्र स्वच्छ असते, कारण तिथे काच तांब्यावर गुंडाळत आणि तांबे नंतर नायट्रिक आम्लात विरघळवत. मोठा दोष निववण्यातला. मऊ सोडा काच 500 अंश सेल्सियसच्या थोडे वर काही वेळ धरून सावकाश उतरवावी लागते. ते टाळले, किंवा वेगवेगळ्या प्रसरणाच्या काचा एकत्र केल्या, तर तडा जातो. कधी लगेच, कधी दागिना गळ्यात आल्यावर.

खरा गुंता नावाचा आहे. मुरानो हे व्हेनिसजवळचे काचकामाचे बेट. व्हेनिस ज्यात येते त्या व्हेनेतो प्रांताने 1994 मध्ये कायदा करून ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ (मुरानोची कलात्मक काच) ही खूण त्या बेटावर घडलेल्या वस्तूंपुरती राखली. पण ज्योतीवर मणी करणारे कितीतरी जण बेटावर नव्हे, खुद्द व्हेनिस शहरात बसतात. काच मुरानोची असली तरी खूण त्यांना नाही. उलट मुरानोत ओढलेल्या काचकांड्या जगभर विकल्या जातात, म्हणजे ‘मुरानो काच’ हे शब्द परदेशी मण्यावरही अक्षरशः खरे ठरू शकतात. ‘मुरानो स्टाइल’ला तर तेवढाही आधार लागत नाही. नक्कल करणाऱ्यापेक्षा ही चिठ्ठी लावणारा व्यापारी जास्त दोषी, असे म्हणायला हरकत नाही.

शेव्हरॉन, म्हणजे रंगीत काचेच्या थरांतून तारा दिसणारा मणी, याबाबत लोक थर मोजतात: अस्सल म्हणजे सात थर, बारा टोकांचा तारा. पण व्हेनिसनेच पुढे कमी थरांचे मणी काढले, त्यामुळे थर मोजून चिनी मणी ओळखता येत नाही.