रिलीफ पिचरचा ईआरए कोणाच्या शेजारी ठेवायचा?

२०१६ च्या अमेरिकन बेसबॉल हंगामात बाल्टिमोर ओरिओल्सच्या झॅक ब्रिटन या रिलीफ पिचरने, म्हणजे सामन्याच्या मध्येच चेंडू हाती घेणाऱ्या गोलंदाजाने, ६७ इनिंग (तीन फलंदाज बाद होईपर्यंतचे डाव) टाकल्या आणि क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळता त्याच्या नावावर लागलेल्या धावा होत्या फक्त चार. ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पडणाऱ्या अशा धावांची सरासरी, ०.५४; हा आकडा कमी तितका चांगला. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मात्र सामना सुरू करणाऱ्या, बोस्टनच्या रिक पोर्सेलोला मिळाला. त्याचा ईआरए होता ३.१५, पण इनिंग २२३. ब्रिटन चौथा आला. नुसते ईआरए शेजारी ठेवले तर हा निकाल अनाकलनीय वाटतो. तो समजून घ्यायला हा आकडा मुळात कोणासाठी तयार झाला ते पाहावे लागते.

क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळायच्या आणि उरलेल्या धावा नऊ इनिंगमागे किती पडतात ते काढायचे, हा ईआरएचा हिशेब. त्याचे श्रेय हेन्री चॅडविक यांना दिले जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेले चॅडविक अमेरिकेत आधी क्रिकेटचे वार्ताहर होते. गोलंदाजाची सरासरी ज्यांना तोंडपाठ असते, त्या आपल्यासारख्यांना ही कल्पना परकी वाटू नये. नॅशनल लीगने १९१२ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९१३ मध्ये ईआरएची अधिकृत नोंद सुरू केली. तेव्हा सामना सुरू करणारा पिचर बहुतेक वेळा तो संपवतही असे. सगळा हिशेब त्याला समोर ठेवूनच बेतलेला होता.

रिलीफ पिचर हा स्वतंत्र पेशा नंतर घडत गेला. १९२० च्या दशकात वॉशिंग्टनच्या फर्पो मारबेरीने त्याची चुणूक दाखवली. १९५२ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा होइट विल्हेल्म, तोही पहिल्याच हंगामात, २.४३ ईआरएसह नॅशनल लीगमध्ये अव्वल ठरला. ७१ सामने, सगळे रिलीफमध्ये, तरी १५९ इनिंग. आजचा क्लोजर, म्हणजे आघाडी राखायला शेवटी येणारा रिलीफ पिचर, वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो. हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण साठ इनिंगमध्ये एक वाईट संध्याकाळ सगळे चित्र पालटते. १५ धावा दिल्या असतील तर ईआरए २.२५, त्यात एकाच दिवशी पाच धावांची भर पडली की ३.००.

दुसरी गोष्ट आधीच बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या थांब्यांवर, असलेल्या धावपटूंची. रिलीफ पिचर आला तेव्हा तिन्ही बेस भरलेले असतील आणि त्याच्या पहिल्याच चेंडूवर फटका बसून त्या तिघांनी धाव पूर्ण केली, तर त्या धावा आधीच्या पिचरच्या खात्यात जातात. नव्याचा ईआरए तसाच स्वच्छ! याउलट त्याने तिघांनाही अडवले, तर ईआरएत त्याला काही मिळत नाही, लाभ आधीच्याला. ज्या कामासाठी त्याला बोलावतात तेच इथे मोजले जात नाही. ही उणीव भरून काढायला पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ‘सेव्ह’ची, म्हणजे थोडक्या आघाडीचा सामना शेवटपर्यंत राखल्याच्या नोंदीची, कल्पना मांडली आणि १९६९ मध्ये ती अधिकृत झाली. पण सेव्ह संधीवर अवलंबून असते. पिचर किती चांगला आहे, हे त्यातूनही पुरते कळत नाही.

त्यातच क्लोजरला एकाच इनिंगसाठी पूर्ण जोर लावता येतो आणि फलंदाजांना तो सामन्यात बहुधा एकदाच दिसतो. त्यामुळे सामना सुरू करणाऱ्यांशी त्याची तुलना सरळ होत नाही. मैदान आणि काळही मोजावा लागतो. १९६८ मध्ये दोन्ही लीगचा मिळून ईआरए तीनच्या आत होता, तर २००० मध्ये एकट्या अमेरिकन लीगचा पाचाच्या जवळ पोहोचला होता. म्हणून ईआरए प्लस आला: लीगची सरासरी १०० धरायची आणि मैदानाचा परिणाम वजा करायचा; इथे आकडा जास्त तितका चांगला. न्यूयॉर्क यांकीजचा क्लोजर मारियानो रिवेरा याचा कारकिर्दीतला ईआरए २.२१, ईआरए प्लस २०५. पण या सरासरीतही सामना सुरू करणारे पिचर येतातच. म्हणून मी त्याला बिली वॅगनर (२.३१) आणि ट्रेव्हर हॉफमन (२.८७) या क्लोजरांच्या शेजारी ठेवून पाहतो. वॅगनर रिवेराच्या अगदी जवळ आहे, पण त्याच्या इनिंग ९०३ आणि रिवेराच्या १,२८३. रिवेराला २०१९ मध्ये एकमताने हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या यादीत, घेतले गेले. वॅगनरला थेट २०२५ पर्यंत, मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षापर्यंत, थांबावे लागले.