‘मुजोर’ शब्दाची पार्श्वभूमी

रिक्षाचालकाने जवळचे भाडे नाकारले किंवा ठेकेदाराने खोदलेला रस्ता नोटिशीनंतरही बुजवला नाही, की पुण्यातील वृत्तपत्रांच्या मथळ्यात ‘मुजोरी’ हमखास अवतरते. हा शब्द मुळात घोड्याचा आहे. संस्कृत ‘मुख’पासून आलेला ‘मुँह’ आणि फारसी ‘जोर’ यांचा ‘मुँहजोर’ हा जोडशब्द हिंदीत लगामाला न जुमानणाऱ्या घोड्यासाठी वापरला जातो. मराठी रूपात अनुनासिक आणि हकार उरलेले नाहीत. लगामाची लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात, दात नसलेल्या हिरडीवर टेकते आणि स्वाराची इच्छा घोड्याला तिथूनच कळते. मान ताठ करून ती ओढ तोंडानेच परतवणारा घोडा मुजोर. ‘अडेलतट्टू’ही याच कुळातला, परंतु तो जागचा हलत नाही; मुजोर चालतो, फक्त स्वतःला हवे तिकडे.

हिंदी ‘मुँहजोरी’त उद्धट बोलण्याचा अर्थ ठळक आहे. मराठीत त्यासाठी ‘तोंडाळ’ आहे, त्यामुळे मराठी मुजोरीला बोलावेच लागते असे नाही: समोरच्याकडे न पाहता खिडकी बंद करणारा कारकूनही मुजोरच.

शब्दाची खरी गंमत तो कोण कोणाला लावतो यात आहे. ‘मी हट्टी आहे’ असे माणूस कौतुकाने सांगतो. स्वतःला मुजोर कोणी म्हणवत नाही. हा शब्द स्वाराच्या बाजूचा आहे आणि म्हणून तो पूर्वापार मालकाने नोकराला, सासूने सुनेला लावला. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांना मराठी माणूस ‘बाणेदार’ म्हणतो. राघोबादादांच्या गोटात मात्र त्याच वर्तनाला मुजोरी म्हणणे सोपे गेले असते. सत्तेला न जुमानणे आपल्याला पटले तर बाणा, न पटले तर मुजोरी, इतका हा निवाडा सापेक्ष आहे.

आजच्या बातम्यांत मात्र दिशा बरीचशी उलटली आहे. ‘मुजोर प्रशासन’, ‘मुजोर अधिकारी’ असे म्हणणारा आता अर्ज हातात घेऊन रांगेत उभा असलेला नागरिक असतो. कायद्याने लगाम त्याच्या हाती दिला आहे, पण त्याची ओढ पलीकडे पोहोचत नाही.