ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम: एका दिवसाचं काम

हेवी मेटल या रॉक संगीताच्या प्रकाराचा उगम सांगताना बहुतेकजण सैतान, काळी जादू आणि ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचा गायक ओझी ऑस्बॉर्न यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यापासून करायला हवी.

बँडचा गिटारवादक टोनी आयोमी तेव्हा तिथे काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा होता. नोकरी सोडायचं ठरलं होतं, त्या दिवशी शेवटची पाळी. जेवायला घरी आला आणि परत जायचा कंटाळा करू लागला, पण आईने बजावून पाठवलं. दुपारी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. पुढे कारखान्यातल्या फोरमनने जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी होऊनही वाजवणारा हा गिटारवादक ऐकून आयोमी पुन्हा उभा राहिला. भांडी धुण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. (तारा ढिल्या करून खालच्या सुरात लावण्याची प्रसिद्ध युक्ती मात्र १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासूनची, पहिल्या अल्बममध्ये ती नाही.)

बँडमधले बाकीचे तिघेही बर्मिंगहॅमच्या अॅस्टन परिसरातलेच: गायक ओझी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड. ओझीने कत्तलखान्यात काम केलं होतं, मोटारींचे हॉर्न तपासले होते, घरफोडीसाठी तुरुंगाची हवाही खाल्ली होती. १९६८ मध्ये जमलेला हा बँड आधी ब्लूजच वाजवायचा आणि ‘अर्थ’ नावाने ओळखला जायचा. त्याच नावाचा आणखी एक बँड निघाला म्हणून १९६९ मध्ये नाव बदलून ‘ब्लॅक सॅबथ’ केलं, तेही बोरिस कारलॉफच्या एका भयपटावरून उचललेलं.

याच नावाचं गाणं तयार झालं ते तीन सुरांवर: सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. आपल्याकडे यमन ऐकणाऱ्याला तीव्र मध्यम मुळीच भीतिदायक वाटत नाही. पण इथे तो मागेपुढे कसलाही आधार न देता, संथ लयीत आणि कर्कश गिटारवर येतो. बटलर तेव्हा इंग्रज संगीतकार होल्स्टच्या ‘मार्स’ या वाद्यवृंद रचनेची धून बासवर वाजवत असे, ती आयोमीच्या कानात होतीच.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत चार ट्रॅकच्या मशीनवर ध्वनिमुद्रण झालं. निर्माता रॉजर बेन, इंजिनिअर टॉम अॅलम. एक गाणं होतंय तोच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) गेला आणि जवळ असलेली गिब्सन एसजी ही दुसरी गिटार घ्यावी लागली. पुढे तीच त्याची ओळख बनली. चौघे स्टेजवर वाजवत तसेच एकत्र वाजवत होते, ओझी त्याच वेळी वेगळ्या खोलीतून गात होता. दिवसभरात काम आटोपून मंडळी युरोपातल्या कार्यक्रमांसाठी निघूनही गेली. सुरुवातीचा पाऊस आणि घंटा नंतर जोडली गेली. मुखपृष्ठावर ऑक्सफर्डशरमधली मेपलडरहॅमची पाणचक्की आणि काळ्या कपड्यातली बाई आली. आतल्या पानावरचा उलटा क्रॉस तर बँडला न विचारताच छापला गेला. सैतानाचा शिक्का बसला, त्यात रेकॉर्ड कंपनीचा वाटा मोठा.

व्हर्टिगो या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला तो १३ फेब्रुवारी १९७० ला, मुद्दाम १३ तारखेचा शुक्रवार गाठून. समीक्षकांनी झोडपलं, तरी ब्रिटनमध्ये तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला. जूनमध्ये दुसऱ्या अल्बमसाठी त्यांना चक्क काही दिवस मिळाले.