आर्केड मॉनिटरची दुरुस्ती: सरसकट कपॅसिटर बदलण्याच्या प्रथेची पार्श्वभूमी

1972 च्या पाँग या नाणे टाकून खेळायच्या (आर्केड) व्हिडिओ गेममध्ये बाजारात मिळणारा कृष्णधवल टीव्ही संचच बसवलेला होता. पुढे ट्यूनर आणि ध्वनीचा भाग वगळून, रंगाचे तीन संकेत आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा समक्रमण संकेत) थेट घेणारे मॉनिटर आले, तरी त्यांची रचना टीव्हीचीच राहिली आणि आडव्या रेषांचा वेगही टीव्हीप्रमाणे सुमारे 15.7 किलोहर्ट्झच राहिला. 1977 पासून काही वर्षे चाललेल्या व्हेक्टर मॉनिटरची (ओळीओळीने चित्र न भरता थेट रेषा काढणाऱ्या) दुखणी निराळी होती. त्यांच्या रंगीत आवृत्तीत डिफ्लेक्शनचे (इलेक्ट्रॉन झोत वळवणारे) ट्रान्झिस्टर जळणे ही नित्याची बाब होती.

मशीन व्यवसायात चालत होती तोवर बंद पडद्याचा अर्थ बुडालेले उत्पन्न असल्याने, तंत्रज्ञ जागेवर चेसिस (मॉनिटरचा परिपथ असलेला बोर्ड) बदलून बिघडलेली चेसिस कामाच्या टेबलावर नेत असे. तीच यंत्रे पुढे संग्राहकांच्या घरी गेली तेव्हा मोजमापाची साधने आणि टेबलावरचा अनुभव त्यांच्यासोबत गेला नाही. त्या पोकळीत मॉनिटरच्या मॉडेलनुसार तयार मिळणारे कपॅसिटरचे (विद्युतभार साठवणाऱ्या भागांचे) संच आले, आणि चित्र कसेही बिघडले तरी आधी सगळे इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर बदलावेत हा सल्ला नियमासारखा रूढ झाला.

या सल्ल्याला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. बंद कॅबिनेटच्या उष्णतेत कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षे सुकतो, धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो, आणि मग चित्राचा वरचा भाग दुमडतो, कडा लाटांसारख्या हलतात किंवा रुंदी आक्रसते. शिवाय एक कपॅसिटर गेला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही त्याच वाटेवर असतात. परंतु पडद्यावर एकच आडवी रेघ उरली असेल, तर दोष उभ्या डिफ्लेक्शनच्या परिपथात असतो, आणि तो कपॅसिटरइतकाच जळालेल्या रेझिस्टरमध्ये किंवा जोडणीच्या पिनेभोवती तडकलेल्या डाखातही असू शकतो. मॉनिटर पूर्ण मृत असेल तर फ्यूज, आडव्या आउटपुटचा ट्रान्झिस्टर आणि फ्लायबॅक (ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) आधी तपासावे लागतात. फ्लायबॅकमध्ये आतून शॉर्ट असेल, तर नवे कपॅसिटर बसवूनही नवा ट्रान्झिस्टर पहिल्याच प्रयत्नात जातो. वीस-तीस भाग एका बैठकीत बदलताना एखादा उलटा बसतो किंवा तांब्याची पट्टी उखडते, आणि मूळ दोष कोणता व नवा कोणता हे ओळखणे अवघड होते. कपॅसिटर बोर्डावरून न काढता अंतर्गत रोध मोजणारी उपकरणे उपलब्ध असताना न मोजता बदलणे, ही दुरुस्ती कमी आणि नशीब अजमावणे अधिक आहे.

काही तक्रारींचा मॉनिटरशी संबंधच नसतो. चित्र घसरत असेल तर अनेकदा सिंकची ध्रुवता (धन-ऋण दिशा) जुळत नसते; 1981 च्या डाँकी काँग या गेमचे रंगसंकेत उलट्या ध्रुवतेचे असल्याने साध्या मॉनिटरवर त्याचे रंग निगेटिव्हसारखे दिसतात. अनेक चेसिसचा भूबिंदू मुख्य पुरवठ्याशी जोडलेला असे आणि त्याला मुख्य पुरवठ्यापासून वेगळे ठेवणारा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर कॅबिनेटच्या तळाशी बसवलेला असे. मॉनिटर बाहेर काढून थेट भिंतीतील पुरवठ्याला लावला आणि त्याला गेमचा अर्थिंग केलेला (जमिनीशी जोडलेला) बोर्ड जोडला की चेसिस जळते, आणि तपासणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो.

पिक्चर ट्यूबचे उत्पादन जवळपास थांबल्यापासून ट्यूबच्या दोषांना मात्र नवी ट्यूब हा पर्याय उरलेला नाही. पॅक-मॅन गेमच्या चक्रव्यूहाची फॉस्फरवर (पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर) उमटलेली छाप कोणत्याही कपॅसिटरने जात नाही, म्हणून टाकून दिलेल्या टीव्हीची ट्यूब काढून जुन्या चेसिसला लावली जाते. त्यासाठी ट्यूबच्या मानेवरची पिनांची जुळणी आणि योकच्या (झोत वळवणाऱ्या) वेटोळ्यांचे इंडक्टन्स आधी पडताळावे लागतात.