मे महिन्यात जुनी डिझेल गाडी बघायला जाऊ नका

रावेरकडे एका केळीच्या वखारीत डिझेल अँबेसेडर उभी होती अन आमच्या मित्राला ती घ्यायचीच होती. मालक म्हणे, "गाडी एक नंबर शे भाऊ", आणि खरंच अर्ध्या सेल्फला सुरू झाली. पण महिना मे, दुपारचे चार, बाहेर ४५ अंश. मी म्हटलं थांब, थंडीत परत येऊ.

का ते सांगतो. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, पिस्टन हवा दाबतो, जुन्या इंजिनात वीसेक पट, अन ती हवा इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेट घेतो. सगळा खेळ कॉम्प्रेशनचा. आता कागदावर गणित करा, मेमधली ४५ अंशांची हवा आणि धुळ्याची पहाटेची ८ अंशांची हवा, बाहेर फरक ३७ चा, पण दाबल्यावर तोच फरक शंभराच्या वर जातो! त्यात पिस्टनच्या रिंगा घासलेल्या असल्या की हवा बाजूने निसटते, थंड लोखंड उष्णता खातं ते वेगळंच. ही सगळी दुखणी आपला उन्हाळा झाकून टाकतो, फुकटचा हीटरच म्हणा ना.

डिसेंबरात गेलो तर बोनेट कोमट. मालकाने आधीच गाडी गरम करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सातला हजर झालो. सेल्फआधी इंजिन तापवणारा गाडीतला हीटर देऊन सहा-सात सेल्फ मारले तेव्हा कुठे उठली, अन पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा डोळ्यात झोंबणारा वास, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडत होतं. असा धूर गाडी गरम झाल्यावर जातो, हिचा गेला आणि मागून निळा सुरू झाला, म्हणजे ऑइलही जळतंय. सोबतच्या मेस्त्रीने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून तळहात धरला, खालून भसाभसा हवा. "बोअरला आलंय," एवढंच बोलला, म्हणजे सिलिंडर घासलेत, इंजिन खोलून काम करावं लागणार.

नोझलला डिझेल दाबून देणाऱ्या पंपाचंही बघावं लागतं, त्याला वंगण डिझेलचंच. २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक फक्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाखात दहा भाग, ते काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो म्हणून रिफायनरीत अ‍ॅडिटिव्ह घालतात, पण पंपातले जुने रबरी सील कडक झाले असतील तर गळतात. अन १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू, पर्यावरण कर. व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांची लागते, ही कुठली तेवढी.

मित्राने बोअरचा खर्च कापून भाव सांगितला. मालकाने चहा पाजला अन म्हणे, राहू द्या, मार्चनंतर बघू.