सर्दी झालेल्या मुलाच्या खोलीत ह्युमिडिफायर लावावा का?

ह्युमिडिफायर एकच काम करतो: तो खोलीतल्या हवेत पाणी सोडतो. सर्दी मात्र हवेतले पाणी कमी झाल्याने होत नाही. ती विषाणूंमुळे होते. सर्दी आणणारे दोनशेहून अधिक विषाणू आजवर ओळखले गेले असून त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसांचा आहे. तेव्हा या यंत्राने सर्दी बरी होते का, या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. विचार करायचा तो त्यापुढच्या प्रश्नांचा. नाक चोंदल्यामुळे रात्रभर किरकिरणाऱ्या मुलाला त्याने थोडा तरी आराम पडतो का? आणि तो आराम देताना आपण त्याच्या फुप्फुसांत नेमके काय पाठवत असतो?

आधी नाकाकडे पाहू. बाहेरची हवा कितीही थंड वा कोरडी असली, तरी फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचेपर्यंत ती सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असावी लागते. अशा एक लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असते. यातले बरेचसे पाणी नाकाच्या आतले ओलसर अस्तर पुरवते. याच अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर असतो आणि त्याखालचे सूक्ष्म केस एका लयीत हलत त्या थराला, त्यात अडकलेली धूळ आणि जंतूंसह, घशाकडे ढकलत राहतात. हवा फार कोरडी असली की हा थर दाट होतो, त्याची गती मंदावते आणि नाकात मेकडाच्या खपल्या धरतात. मोठ्या माणसाला याचा केवळ त्रास होतो. तान्ह्या बाळाची मात्र पंचाईत होते. पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्याच्या नाकपुड्या मुळातच अरुंद असतात आणि त्या बंद झाल्या की त्याला धड दूध ओढता येत नाही, धड झोपही लागत नाही. हवेत ओलावा असावा या सल्ल्यामागचे शास्त्र एवढेच आहे, आणि ते चुकीचे नाही.

पण खोलीतली हवा खरोखर कोरडी आहे का, हे पाहायला सहसा कोणी थांबत नाही. शून्य अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते, तर वीस अंशांना सुमारे सतरा ग्रॅम. म्हणून कडाक्याच्या थंडीतली हवा घरात घेऊन हीटरने वीस अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, तीस टक्क्यांच्याही खाली घसरते. एअर कंडिशनर वेगळ्या वाटेने तेच करतो: त्याच्या थंड नळ्यांवर खोलीतले बाष्प साचते आणि पाणी होऊन बाहेर वाहून जाते. अशा खोलीत यंत्राला काही काम असते. ज्या खोलीत आर्द्रता आधीच साठ-सत्तर टक्के आहे तिथे ते नुसते निरुपयोगीच नव्हे तर उलटे पडते, कारण अशा दमटपणात भिंतींना बुरशी धरते आणि गाद्या-उशांतले डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीव फोफावतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाला ही दोन्ही संकटे सर्दीपेक्षा जड जातात. माझ्या मते ह्युमिडिफायरच्या आधी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारे छोटे उपकरण, घरात यावे. ते नसेल तर बाकी सगळा अंदाजच.

दमट हवेने सर्दीला उतार पडतो का, याचे प्रयोग अनेक झाले आहेत आणि त्यांची कथा रंजक आहे. ऱ्हायनोव्हायरस ३३ ते ३५ अंशांना, म्हणजे नाकातल्या तापमानाला, उत्तम वाढतात. मग नाकच तापवले तर? ब्रिटनमध्ये सॉल्सबरीजवळ केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी चालवलेल्या केंद्रातले डेव्हिड टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली याची चाचणी प्रसिद्ध केली. काही रुग्णांच्या नाकात ४३ अंशांची दमट हवा सोडली, काहींच्या ३० अंशांची, आणि ४३ अंशांच्या गटाचा त्रास जवळपास निम्मा भरला. आशा वाढली. पण १९९० आणि १९९४ साली अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही, आणि अशा सर्व चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यानेही गरम दमट हवेचा ठाम उपयोग सिद्ध होत नाही असाच निष्कर्ष काढला. शिवाय या प्रयोगांतली उपकरणे गरम हवा थेट नाकात सोडणारी होती. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या थंड फवाऱ्याच्या यंत्राला त्यांचा आधार घेता येत नाही. जाहिरातींत हा फरक अर्थातच दिसत नाही.

क्रूप या आजाराची गोष्ट याहून बोलकी आहे. यात स्वरयंत्राजवळ सूज येऊन मुलाचा खोकला भुंकल्यासारखा येतो आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज होतो. अशा मुलांना बाष्पाने भरलेल्या तंबूत ठेवण्याची पद्धत रुग्णालयांत अनेक दशके चालली. टोरांटोतल्या मुलांच्या रुग्णालयात मध्यम क्रूप असलेल्या १४० मुलांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली आले. चाळीस टक्के आर्द्रता, शंभर टक्के आर्द्रता आणि साधा फवारा यांत काहीही फरक पडला नाही. आज क्रूपचा उपचार स्टेरॉइड औषधाने होतो.

दमट हवेने विषाणू मरतात, असाही एक समज आहे. फ्लूच्या विषाणूबाबत त्यात तथ्य आहे. खोकणाऱ्या माणसाची नक्कल करणारा पुतळा बंद खोलीत ठेवून केलेल्या प्रयोगात, आर्द्रता २३ टक्के किंवा त्याहून कमी असताना हवेतल्या ७० टक्क्यांहून अधिक विषाणूंची संसर्गक्षमता तासाभराने टिकून होती, तर ४३ टक्के किंवा त्याहून अधिक आर्द्रतेत ती २२ टक्क्यांच्या वर गेली नाही. पण सर्दीचा मुख्य सूत्रधार, ऱ्हायनोव्हायरस, नेमका उलट वागतो: हवेतल्या थेंबांत तो कोरड्यापेक्षा दमट हवेतच जास्त टिकतो. म्हणजे एका विषाणूसाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो.

फायद्याची बाजू अशी तोकडी आहे. धोक्याची बाजू समजण्यासाठी यंत्राचे पोट उघडून पाहावे लागते. सध्या सर्वाधिक खपणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात एक छोटी चकती सेकंदाला सुमारे सतरा लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवते. तोंडातून निघणारा तो पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हे, टाकीतलेच पाणी असते. त्यामुळे पाण्यात जे असेल ते सगळे त्याच्यासोबत उडते. थेंब हवेत सुकले की नळाच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भुकटी होऊन मागे उरते. यंत्राजवळच्या काळ्या टेबलावर सकाळी बोट फिरवले की पिठासारखी पांढरी रेघ उमटते. टेबलावर बसते तेच श्वासातही जाते, आणि या भुकटीमुळे एका तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना इजा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. ओल्या वातीवरून पंख्याने हवा फिरवणाऱ्या यंत्रातून मात्र केवळ बाष्प बाहेर पडते, क्षार वातीवरच राहतात. तिसरा प्रकार पाणी उकळून वाफ सोडणाऱ्यांचा. त्यात जंतू मरतात, पण चटका बसण्याचा किंवा उकळते पाणी अंगावर सांडण्याचा धोका एवढा मोठा आहे, की अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांसाठी थंड फवाऱ्याचेच यंत्र वापरायला सांगते. गरम पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवून वाफारा देणे तर टाळावेच. भांडे कलंडून भाजलेली मुले रुग्णालयांत येतच असतात.

क्षारांपेक्षा गंभीर प्रश्न जंतूंचा. दोन-तीन दिवस पाणी न बदललेल्या टाकीच्या आत बोट घातले तर बुळबुळीत थर हाताला लागतो. तो जिवाणूंचा असतो. सायप्रसमधल्या एका खासगी रुग्णालयात २००८च्या डिसेंबरमध्ये नवजात बालकांच्या खोलीत असेच अल्ट्रासॉनिक यंत्र बसवले होते. त्याच्या दूषित पाण्यातून लीजनेला हा गंभीर न्यूमोनिया आणणारा जिवाणू फवारला गेला, तिथल्या ३२ पैकी ९ बालकांना संसर्ग झाला आणि तिघे दगावली.

मग जंतुनाशक घालावे का? दक्षिण कोरियात नेमके तेच केले गेले. ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळण्याची जंतुनाशके तिथे १९९४पासून बाजारात होती. त्यांतली रसायने इतर वापरांसाठी चालणारी होती. श्वासावाटे ती फुप्फुसांत गेल्यावर काय होईल, हे पुरेसे तपासलेच नव्हते. २०११च्या वसंतात, बहुतांशी गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या काही स्त्रिया झपाट्याने निकामी होणारी फुप्फुसे घेऊन रुग्णालयात आल्या, तेव्हा शोध सुरू झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारी रोगनियंत्रण केंद्राने बोट या जंतुनाशकांकडे दाखवले आणि नोव्हेंबरमध्ये ती परत मागवण्यात आली. त्याआधीची काही वर्षे लहान मुलांत दिसणारा फुप्फुसांचा गूढ आजारही यातलाच होता, हे मागाहून कळले. नोंदवलेल्या मृत्यूंची संख्या हजाराच्या पुढे गेली. मुलांची काळजी घेणाऱ्या घरांतच हे झाले, ही त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब.

म्हणून टाकीत पाण्याशिवाय काहीही घालू नये. सुगंधी तेल नको, कापूर वा मेंथॉलही नको. कापूर पोटात गेल्यास लहान मुलाला झटके येऊ शकतात आणि दोन वर्षांखालील मुलांसाठी तो कोणत्याही रूपात नको. यंत्र वापरायचेच असेल तर पाणी क्षारविरहित किंवा डिस्टिल्ड असावे. नळाचे पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. टाकी रोज रिकामी करून पुसावी, दर तिसऱ्या दिवशी व्हिनेगरने किंवा तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने घासून भरपूर पाण्याने खळबळून घ्यावी. खरेदी करताना रंगीत दिव्यांपेक्षा टाकीचे तोंड पाहावे. ज्यात हात शिरत नाही ती टाकी कधीच नीट घासली जाणार नाही. आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांत राखावी, फवाऱ्याचे तोंड मुलाकडे नसावे, आणि खिडकीच्या काचेला घाम फुटला की यंत्र बंद करावे.

एवढा खटाटोप जमणार नसेल तर यंत्र न आणलेलेच बरे, कारण चोंदलेल्या नाकावर त्याहून सोपे उपाय आहेत. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, थेंब घालून सैल झालेला शेंबूड हलकेच ओढून काढला तर बाळाला लगेच मोकळे वाटते. एक वर्षावरच्या मुलाचा रात्रीचा खोकला चमचाभर मधाने कमी होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे मध देऊ नये. सर्दी-खोकल्याची दुकानात सहज मिळणारी औषधे चार वर्षांखालील मुलांना आपल्या मनाने देऊ नयेत.

साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत ओसरते, खोकला थोडा जास्त रेंगाळतो. पण तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत: दोन महिन्यांखालील बाळात ते ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तो जलद श्वास आहे आणि न्यूमोनियाची शक्यता तपासून घ्यायला हवी.