इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, ६ व्होल्टच्या जुन्या मोटारींतील

पेट्रोल एंजिनात ठिणगी पाडण्यासाठी असलेले यांत्रिक संपर्क-खंडक (पॉइंट) काढून, किंवा ते जागेवर ठेवून त्यांच्यावरचा विद्युत् भार हलका करून, करंट तोडण्याचे काम ट्रँझिस्टर अथवा तत्सम अर्धसंवाहक घटकाकडे सोपविण्याची पद्धत. १२ व्होल्टच्या जुन्या मोटारींत हा बदल आता सरावाचा झाला आहे. बॅटरी ६ व्होल्टची असली की अडचणी निराळ्या येतात आणि प्रस्तुत नोंद त्यांच्यापुरती आहे. स्कूटर-मोपेडवरील मॅग्नेटो आणि सीडीआय (कंडेन्सरमधील भार सोडून ठिणगी पाडण्याची) पद्धती हा स्वतंत्र विषय होय.

पॉइंट, कॉइल व कंडेन्सर यांवर उभी असलेली मूळ पद्धती चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने ओळखली जाते. सुमारे १९१० पासून ती कॅडिलॅक मोटारींवर आली आणि पुढे साठ-एक वर्षे जवळजवळ सर्वत्र टिकली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात करंट चढतो. ते उघडताच चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि द्वितीयक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडते.

६ व्होल्टची व्यवस्था अमेरिकन मोटारींत १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रूढ होती. शेव्हरोले १९५५ च्या, तर फोर्ड १९५६ च्या मॉडेलपासून १२ व्होल्टवर गेली. फोक्सवॅगन बीटल व सित्रोएन २सीव्ही यांनी ६ व्होल्टची साथ १९६० च्या दशकात बऱ्याच उशिरापर्यंत सोडली नाही. भारतात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून जुळविल्या गेलेल्या डॉज, प्लिमथ व डी सोटो या मोटारी सुरुवातीच्या काळात ६ व्होल्टच्या व धन-अर्थच्या (बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेल्या) होत्या. शिवडी येथे जनरल मोटर्सने जुळविलेल्या शेव्हरोले ६ व्होल्टच्याच, पण ऋण-अर्थच्या. मुंबईतील एकाच गॅरेजात शेजारी उभ्या असलेल्या दोन ६ व्होल्ट गाड्यांना एकच मॉड्यूल (पॉइंटचे काम करणारा तयार इलेक्ट्रॉनिक संच) चालेल, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

धन-अर्थचा प्रश्न : बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याची रीत का पडली, याविषयी एकमत नाही. रीत सार्वत्रिकही नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत ऋण-अर्थ होता, त्यानंतरच्या मॉडेल ए मध्ये धन-अर्थ आला आणि १२ व्होल्टबरोबर कंपनी पुन्हा ऋण-अर्थकडे वळली. ब्रिटिश मोटारी साधारणतः १९३० च्या दशकाच्या मध्यास धन-अर्थकडे गेल्या व १९६० च्या दशकात परतल्या. पहिले स्पष्टीकरण गंजाचे आहे. ओल शिरली की धन बाजूचा धातू विरघळतो. सांगाडा धन ठेवला तर ही झीज लोखंडाच्या मोठ्या वस्तुमानावर पसरते आणि तांब्याच्या बारीक तारा व टर्मिनले वाचतात. दुसरे स्पष्टीकरण प्लगचे. प्लगचा मधला इलेक्ट्रोड सर्वांत तापलेला असतो. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो ऋण असला तर ठिणगीला लागणारा दाब बराच कमी होतो. हे भौतिकी निर्विवाद आहे, परंतु त्यावरून धन-अर्थची उत्पत्ती सिद्ध होत नाही. कॉइलची प्राथमिक जोडणी उलट केली की बॅटरीचे कोणतेही टोक अर्थ असले तरी मधला इलेक्ट्रोड ऋण ठेवता येतो. त्यामुळे गंजाचे कारण अधिक संभाव्य वाटते. प्लगचे कारण बहुधा मागाहून जोडले गेले असावे.

कॉइलची दिशा तपासण्याची जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती येथे नोंदवण्याजोगी आहे. प्लगची तार किंचित दूर धरून फटीत लाकडी पेन्सिलीचे शिसे धरायचे. ठिणगीचा नारिंगी झोत शिसे व प्लग यांच्या मध्ये फुलला तर दिशा बरोबर, तार व शिसे यांच्या मध्ये फुलला तर कॉइलच्या तारा उलट लागल्या आहेत. ६ व्होल्टच्या गाडीत ठिणगीला मुळातच थोडे बळ असते, म्हणून ही चूक येथे अधिक महागात पडते.

धन-अर्थची परंपरा मोडण्यात अर्धसंवाहकांचाच मोठा वाटा दिसतो. आरंभीचे शक्ति-ट्रँझिस्टर जर्मेनियमचे व पीएनपी (धन-ऋण-धन थरांच्या) जातीचे होते आणि ते धन-अर्थशी सहज जुळत. पण एंजिनाच्या उष्णतेत जर्मेनियम टिकत नसे. सिलिकॉनचे एनपीएन (उलट, ऋण-धन-ऋण थरांचे) ट्रँझिस्टर स्वस्त झाले, डायनॅमोच्या जागी डायोडयुक्त अल्टरनेटर आला, आणि ऋण-अर्थ हाच प्रघात पडला.

अग्रक्रमाचा वाद : इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन प्रथम कोणी केले, याचे उत्तर ‘इलेक्ट्रॉनिक’ कशाला म्हणायचे यावर ठरते. डेल्को-रेमी कंपनीने १९४८ मध्ये शीत-कॅथोड नलिकेच्या (तापवावी न लागणाऱ्या इलेक्ट्रॉन-नलिकेच्या) पद्धतीची चाचणी घेतल्याचे सांगितले जाते. ट्रँझिस्टर त्यात नव्हता. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या ट्रँझिस्टर प्रज्वलनाचा आरंभ काही जण १९५५ इतका मागे नेतात, तथापि त्याचा ठळक वापर १९६२ च्या फॉर्म्युला वन शर्यतींत बीआरएम या ब्रिटिश संघाच्या एंजिनावर झाला. रस्त्यावरील मोटारींत पॉइंटविरहित चुंबकीय संवेदकाची पद्धती पाँटिअॅकने १९६३ च्या काही मॉडेलांवर वैकल्पिक म्हणून दिली. क्रायस्लरने १९७० च्या दशकाच्या आरंभी ती सरसकट बसविली. येथील विषयाच्या दृष्टीने पाँटिअॅकची तारीख धरणे सयुक्तिक, कारण आजची जोड-मॉड्यूले त्याच पॉइंटविरहित कल्पनेची वंशज आहेत. मात्र त्यांतील बहुतेकांचा संवेदक चुंबकीय वेटोळ्याचा नसून एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर (करंट वाहणाऱ्या पट्टीत चुंबकीय क्षेत्रामुळे आडवा दाब निर्माण होणे) चालतो.

दाबाचा हिशेब : ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन घट असतात आणि पूर्ण भारित स्थितीत ती साधारण ६.३ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा दाब ४.५ पर्यंत, थंडीत त्याहूनही खाली येतो. जुना इग्निशन स्विच व तारा यांत अर्धा व्होल्ट गेला असे धरू. पॉइंट स्वतः जवळजवळ काहीच खात नाहीत, म्हणून कॉइलला ४ व्होल्ट मिळतात. पॉइंटच्या जागी डार्लिंग्टन जोडीचा (एकाने दुसऱ्याला चालविणाऱ्या दोन भागांचा) ट्रँझिस्टर आला तर तो आणखी सुमारे १.२ व्होल्ट खातो व उरतात २.८. एक ओहमच्या कॉइलमध्ये करंट ४ अँपिअरवरून २.८ अँपिअरवर येतो. कॉइलमधील ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ निम्मी होते. हाच स्थूल हिशेब १२ व्होल्टच्या गाडीसाठी, सेल्फ मारताना ९ व्होल्ट धरून केला, तर सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा शिल्लक राहते. एरवी गुणकारी ठरणारे मॉड्यूल ६ व्होल्टवर सकाळी गाडी उठू देत नाही, याचे कारण या एका आकडेमोडीत आहे. पॉइंट कितीही कमी दाबावर उघडझाप करतात. मॉड्यूलला मात्र जागे राहण्यासाठीच किमान दाब लागतो आणि तो न मिळाल्यास ठिणगी क्षीण होत नाही, पडतच नाही.

यावर उपाय दोन अंगांनी झाले. केवळ ६ व्होल्टसाठी बांधलेली मॉड्यूले मिळतात. पर्ट्रॉनिक्स ही अमेरिकन कंपनी ती धन-अर्थ व ऋण-अर्थ अशा वेगवेगळ्या रूपांत देते. दुसरा मार्ग पॉइंट न काढण्याचा : त्यांच्यातून केवळ अल्प करंट जातो, तो ट्रँझिस्टरला इशारा देतो आणि कॉइलचा मुख्य करंट ट्रँझिस्टर तोडतो. पॉइंटवर चरे पडणे थांबते, फायबरच्या टाचेची झीज तेवढी उरते. मॉड्यूल वाटेत बंद पडले तर दोन तारा बदलून मूळ पद्धतीवर घरी येता येते. लांब पल्ल्याला निघणाऱ्या ६ व्होल्टच्या गाडीसाठी हा मार्ग अधिक भरवशाचा म्हणावा लागेल.

बसवणी : काम डिस्ट्रिब्युटरमध्ये (पॉइंट ज्यात बसतात त्या, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागात) नव्हे, तारांमध्ये सुरू करावे. सारख्याच शक्तीसाठी ६ व्होल्टला १२ च्या दुप्पट करंट लागतो व त्याच तारेतील व्यय चौपट होतो. बॅटरीच्या केबल जाड हव्यात. १२ व्होल्टच्या गाडीसाठी मिळणारी बारीक केबल घालणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. स्विचने केवळ रिले चालवावा आणि कॉइल व मॉड्यूल यांना बॅटरीचा करंट त्या रिलेतून थेट द्यावा. डिस्ट्रिब्युटरच्या आतील तळपट्टीला अर्थ देणारी कापडी वेष्टनाची लहानशी तार बहुधा आतून तुटलेली असते आणि वरून धड दिसते. ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नंतर पॉइंट व कंडेन्सर काढून मॉड्यूल त्यांच्या जागी स्क्रूने बसते आणि रोटरखालच्या कॅमवर चुंबकांचे कडे चढते. दोहोंतील फट फीलर गेजने पाहावी. कॉइलची रोधकता मॉड्यूलला झेपणारी हवी. तांब्याच्या साध्या प्लग-तारांमुळे होणारा विद्युत्-चुंबकीय गोंधळ संवेदकाला चुकीचे इशारे देतो, म्हणून रोधयुक्त तारा घालाव्या लागतात. बॅटरीची दोन्ही टोके उलट जोडली गेली तर मॉड्यूल क्षणात जळते. एंजिन बंद असताना स्विच चालू ठेवल्यासही कॉइल व मॉड्यूल तापून निकामी होऊ शकतात. शेवटी टायमिंग पुन्हा लावणे अनिवार्य आहे, आणि स्ट्रोबोस्कोप दिवा १२ व्होल्टचा असल्यास त्याला वेगळी बॅटरी लागते. डायनॅमोच्या रेग्युलेटरचे संपर्क चिकटत असतील तर ते आधी सुधारून घ्यावेत. दाबाचे झटके पॉइंट सोसतात, मॉड्यूल सोसत नाही. काही अमेरिकन मालक या सगळ्याला फाटा देऊन ८ व्होल्टची बॅटरी बसवितात, पण त्याने दिवे लवकर जातात व रेग्युलेटरही नव्याने जुळवावा लागतो.

ठिणगीचा क्षण पुढे-मागे करणारी केंद्रोत्सारी वजने व निर्वात-पेटी यांना या बदलाचा स्पर्श होत नाही. त्यांतील दोष तसेच राहतात. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचा झिजलेला बुश मात्र मॉड्यूलला पॉइंटइतका त्रास देत नाही. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीचे पॉइंट दमटपणाने काळवंडतात आणि दोन पॉइंटांमध्ये व्हिजिटिंग कार्ड ओढून ते पुसावे लागतात, तेही टळते.

अस्सलपणाचा प्रश्न : ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेत फेरफार आवश्यकच असेल तर तो मागे फिरवता येण्याजोगा असावा, असा आग्रह आहे. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या व मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. तेथे सांगाडा, बांधा व एंजिन यांतील मोठे फेरफार बाद ठरतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारे मॉड्यूल भोक न पाडता लागते व निघते, म्हणून त्याकडे सामान्यतः सौम्यपणे पाहिले जाते. काढलेले पॉइंट व कंडेन्सर गाडीतच ठेवण्याची पद्धत आहे. बाहेरून ओळखण्याची खूण एकच : पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरमधून कॉइलकडे एक तार जाते, मॉड्यूल असेल तर बहुधा दोन.